आधी ब्रॅकेट वाचा

जुनी फियाट दुरुस्तीसाठी उघडली की सगळ्यांत आधी भंगारात जातात ते ब्रॅकेट. इंजिनाची किंमत सगळ्यांना कळते. क्रोमचा बंपर कोणी टाकत नाही. काचेची कडक झालेली रबरेसुद्धा नमुना म्हणून जपून ठेवली जातात. पण बंपर ज्याच्यावर उभा असतो, डायनमो ज्याला लटकलेला असतो, सायलेन्सरचा पाइप ज्याच्या आधाराने रस्त्यापासून वर राहतो, ते गंजलेले, वाकडे, ग्रीसने बरबटलेले पट्टीचे तुकडे ‘नवीन बनवून घेऊ’ म्हणून गॅरेजच्या कोपऱ्यात पडतात आणि महिनाभराने भंगारवाल्याच्या पोत्यात जातात. पुढे रंग होतो, सीटा होतात, गाडी जोडायला घेतली जाते आणि तेव्हा काही केल्या बंपर दोन्ही बाजूंनी सारखा बसत नाही. बेल्ट कुरकुरतो, पाइप बॉडीला घासतो, हॉर्न कधी वाजतो, कधी नाही. दोष रंगाऱ्यावर, डेंटरवर, नाहीतर नव्या पार्टवर ढकलला जातो. खरा दोष त्या पोत्यात गेलेला असतो.

हे पुस्तक त्या कोपऱ्यातल्या ढिगाविषयी आहे. मूळ ब्रॅकेट ओळखायचा कसा, स्वच्छ करायचा कसा, सरळ करायचा कसा आणि परत जागेवर बसवायचा कसा, एवढाच त्याचा विषय. विषय लहान वाटेल. पण जुन्या गाडीत हात घातलेल्या कोणालाही विचारा, रिस्टोरेशनचा निम्मा त्रास याच लहान गोष्टींत असतो असे तो सांगेल.

उदाहरणासाठी मी पुस्तकभर एकच गाडी धरली आहे, फियाट ११००. इटलीत १९५३ साली बाजारात आलेली ही गाडी आपल्याकडे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली ही कंपनी. पुढची दारे उलटी उघडणारी, गोलसर अंगाची जी गाडी आजही ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली जाते, ती आधीची पिढी. १९६४ पासून चौकोनी अंगाची ११०० डी इथे बनू लागली. तीच पुढे १९७३ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली आणि विसावे शतक संपेपर्यंत बनत राहिली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, मागे पाटे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप कित्येक वर्षे याच गाडीचे होते आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. आज ज्या पद्मिनी हौशी लोकांकडे उभ्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच चार मालक पाहिलेल्या आणि चाळीस पावसाळे खाल्लेल्या आहेत.

ही गाडी निवडण्याचे कारण केवळ जिव्हाळा नाही. फियाट ११०० ला वेगळी चासी नाही. बॉडीचा पत्रा हाच तिचा सांगाडा. त्यामुळे तिच्यावर बोल्टने बसवलेला प्रत्येक ब्रॅकेट आपला भार एक मिलिमीटरहूनही पातळ पत्र्यात उतरवतो. तो भार पसरावा म्हणून पत्र्याच्या आतून जोडपट्ट्या दिलेल्या असतात, ब्रॅकेटच्या पायाला रुंदी दिलेली असते, कडा वळवलेल्या असतात. यातले काहीच शोभेचे नाही. बंपरला धक्का बसला की ब्रॅकेट वाकावा आणि बॉडी वाचावी, असा तो हिशेब आहे. ‘जरा मजबूत करून टाकू’ म्हणून कोणी दुप्पट जाडीच्या पट्टीचा ब्रॅकेट बनवतो, तेव्हा तो हा हिशेब मोडतो. पुढच्या धक्क्याला ब्रॅकेट तसाच राहतो आणि भेग बॉडीच्या पत्र्यात पडते. स्टेनलेसच्या हौसेलाही हेच लागू आहे. शिवाय समुद्राकाठच्या दमट हवेत स्टेनलेस आणि साधे लोखंड एकमेकांना टेकले की गंज साध्या लोखंडाच्या वाट्याला येतो, म्हणजे पुन्हा बॉडीच्याच.

दुसरे कारण मापांचे. सामान्य माणसाच्या हाती या गाडीचे कारखान्याचे नकाशे नाहीत. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये इंजिन, गिअर बॉक्स, ब्रेक यांची मापे असतात, पण हॉर्नच्या पट्टीला किती अंशांचा मोड आहे हे त्यात कोणी लिहीत नाही. ते माप एकाच ठिकाणी लिहिलेले आहे, त्या पट्टीतच. दुसऱ्या गाडीचा ब्रॅकेट आणून लावावा, तर भोके दोन-तीन मिलिमीटरनी चुकतात हा नेहमीचा अनुभव आहे. या गाड्या जोडताना बरेच काम हाताने, जागेवर बसवून केलेले असे आणि नंतरच्या प्रत्येक गॅरेजने त्यात आपली भर घातली. म्हणून ‘मूळ’ या शब्दाचा माझ्या लेखी अर्थ एकच, या गाडीबरोबर आलेला आणि या गाडीच्या भोकांशी जुळलेला.

मूळपणाला आता कायद्यातही जागा मिळाली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांच्या नोंदणीची तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षांची. १९७४-७५ च्या पद्मिनी आता त्या वयाच्या झाल्या आहेत. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिव्हाने, स्वीकारलेली ट्युरिन सनद आणखी एक पाऊल पुढे जाते. जेवढा हस्तक्षेप कमी तेवढा चांगला आणि जो भाग बदलावाच लागला त्यावर साधी, कायमची खूण हवी, असे ती सांगते. ट्युरिन हे फियाटचेच गाव. कुर्ल्यात बनलेल्या गाडीला त्या गावाच्या नावाची सनद लावावी, हे मला फार योग्य वाटते.

आता मुख्य मुद्दा.

वाकडा ब्रॅकेट हातात आला की पहिली ऊर्मी होते ती ऐरणीवर ठेवून चार घाव घालण्याची. ती आवरली पाहिजे. कारण ब्रॅकेटला दोन प्रकारचे बाक असतात. काही कारखान्याने दिलेले, काही अपघाताने आलेले. दोन्ही गंजाखाली आणि ग्रीसखाली सारखेच दिसतात. जो कारखान्याचा बाकही अपघाताचा समजून सरळ करतो, त्याने नमुना कायमचा पुसून टाकला. हाताला लागेल ते सरळ करत सुटणारा कारागीर कितीही कसबी असला, तरी मी त्याच्याकडे माझी गाडी सोडणार नाही.

ओळखायचे कसे? साच्यात दिलेला मोड एका सरळ रेषेत असतो. त्याची गोलाई या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी असते. तो बहुधा एखाद्या कडेला समांतर किंवा काटकोनात असतो आणि त्याच्या आतल्या बाजूला दाबाची बारीक, नियमित खूण असते. रंग मोडावरूनही अखंड गेलेला असतो, कारण आधी मोड आला आणि मग रंग. अपघाताचा बाक तिरका जातो, मध्ये तीव्र आणि कडेला मंद असतो. त्याच्या बाहेरच्या अंगाला रंग तडकून गळलेला असतो आणि त्या तड्यांतूनच गंज आत शिरलेला असतो. बोल्टच्या भोकाजवळ तो सुरू होतो, कारण जोर तिथेच येतो. चांगल्या उजेडात, भिंग घेऊन, तारेच्या ब्रशने घासण्याच्या आधी हे पाहायचे. घासल्यानंतर निम्मी साक्ष गेलेली असते.

सगळ्यांत जास्त बळी जातो तो पायरीच्या मोडाचा. दोन पत्रे एकावर एक येतात तिथे ब्रॅकेटचे टोक पत्र्याच्या जाडीइतके वर उचललेले असते, म्हणजे एक छोटी पायरी असते. बाहेर काढलेल्या सुट्या ब्रॅकेटवर ती पायरी हुबेहूब धक्क्याने आलेल्या वाकासारखी दिसते. सरळ करणारा ती दोन घावांत सपाट करतो. मग ब्रॅकेट जागेवर लावला की एक टोक टेकते, दुसरे अधांतरी राहते, बोल्ट आवळला की बॉडीचा पत्रा ओढला जातो आणि रंगाखाली एक बारीक लाट उठते. ती लाट कशाने आली हे नंतर कोणालाही उमगत नाही.

तसाच दुसरा बळी म्हणजे पट्टीच्या मधोमध दाबून काढलेली उभी शीर. दोन मिलिमीटरच्या पत्र्याला ताठपणा येतो तो या शिरेमुळे. शीर घावाखाली चपटी झाली की ब्रॅकेट दिसायला सरळ राहतो, पण त्यातला दम जातो आणि इंजिनाच्या थरथरीने तो काही महिन्यांत तडकतो. म्हणून शीर असलेला भाग ऐरणीवर उघडा ठेवायचाच नाही. सागाच्या किंवा बाभळीच्या ठोकळ्याला शिरेच्या मापाची खाच पाडून घ्यावी आणि ब्रॅकेट त्या खाचेत बसवूनच काम करावे. ठोकळा करायला अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासाची घाई करू नये.

एक ब्रॅकेट जवळून पाहू. पुढच्या बंपरचा डावा. पार्किंगमध्ये मागे रेटला गेलेला, शिवाय थोडा पिळवटलेला. स्वच्छ केल्यावर तो आधी सपाट पृष्ठभागावर ठेवायचा. जाड काचेचा तुकडा किंवा ड्रिल मशिनचा टेबल चालतो. कुठे डुलतो, कुठे टेकतो, तिथे खडूने खुणा करायच्या. मग उजवा ब्रॅकेट जाड पुठ्ठ्यावर ठेवून त्याची आकृती काढायची, कापायची आणि पुठ्ठा उलटा करायचा. उजव्याचा उलटा म्हणजे डावा. मात्र उजवा तरी खरा आहे का, हे बॉडीवरच्या भोकांना लावून तपासल्याशिवाय त्याला पंच मानू नये. शहरात वावरलेल्या गाडीचे दोन्ही कोपरे कधी ना कधी ठोकलेले असतात. बॉडीवरही आंधळा विश्वास नको. पुढच्या भागातल्या चार पक्क्या बिंदूंमधले दोन कर्ण दोरीने मोजावेत. कर्ण सारखे नसतील तर आधी बॉडीचे काम, ब्रॅकेट नंतर.

पीळ डोळ्यांनी लवकर कळत नाही. त्यासाठी ब्रॅकेटच्या दोन टोकांवर दोन सरळ पोलादी पट्ट्या आडव्या ठेवाव्यात आणि एक डोळा मिटून पुढच्या पट्टीच्या कडेवरून मागची पाहावी. पीळ असेल तर दोन्ही कडा समांतर दिसत नाहीत. सुतार लाकडाच्या फळीला हीच परीक्षा लावतात.

आता सरळ करणे. नुकसान ज्या क्रमाने झाले त्याच्या उलट क्रमाने ते काढायचे, शेवटचे आधी. बहुतेक वेळा धक्क्याने आधी वाक येतो आणि मग जोर तिरका पडल्याने पीळ. म्हणजे आधी पीळ काढावा, मग वाक. व्हाइसच्या जबड्यात तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची कोन-पट्टी घालून ब्रॅकेट धरावा, म्हणजे दात उमटत नाहीत. टोकाला खाच असलेला लांब दांडा अडकवून हळूहळू रेटावा. हातोडा शक्यतो दूर ठेवावा. हातोड्याचा घाव पत्रा पातळ करतो, पसरवतो. दांडा त्याला फक्त वळवतो. पसरलेला पत्रा पुन्हा गोळा करणे हे वाक काढण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

लोखंड परत उसळते हे लक्षात ठेवावे. दांड्याने रेटून ब्रॅकेट बरोबर सरळ दिसला आणि हात सोडला की तो थोडा मागे जातो. म्हणून सरळ रेषेच्या थोडे पलीकडे न्यावे लागते. किती पलीकडे, हे जाडीवर आणि मोडाच्या गोलाईवर ठरते. थोडे रेटावे, सोडावे, पुठ्ठ्यावर लावून पाहावे, पुन्हा थोडे रेटावे. मात्र पलीकडे जास्त गेले म्हणून परत मागे, मग पुन्हा पुढे, असे हेलपाटे घालू नयेत. साधे लोखंड दर वळणाला त्या जागी कडक होत जाते आणि तार दोन्हीकडे वाकवत राहिल्यावर तुटते तशी पट्टीही शेवटी तुटते. पन्नास वर्षांत त्या जागी आधीच किती वेळा जोर आला असेल, ते आपल्याला दिसत नाही.

जाड पट्टी किंवा आखूड मोड थंडपणी ऐकत नाही. तिथे आच लागते. गॅसच्या तटस्थ ज्योतीने फक्त वाकाची जागा लाल करावी आणि लाल असतानाच वळवावी. शेजारच्या चांगल्या मोडावर ओले फडके गुंडाळून ठेवावे, म्हणजे तो सैल पडत नाही. धोका आहे तो अर्धवट आचेत. लोखंडाला निळी झाक येते ती साधारण २०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात. त्या टप्प्यात साधे लोखंड ठिसूळ वागते. थंडपणी निभावले असते असे वळण तिथे तडा देऊन जाते. म्हणून एक तर पूर्ण थंड, नाहीतर पूर्ण लाल, मधले काही नाही. काम झाल्यावर पाण्यात बुडवू नये, हवेत आपोआप निवू द्यावे.

आच देण्याआधी ब्रॅकेटवर जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा नाही ना, हे पाहणे जिवाच्या काळजीचे आहे. तापलेल्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. कॅडमियमचा धूर तर प्राणावर बेततो. आधी मुलामा उतरवावा आणि मगच, उघड्यावर, ज्योत लावावी. आपल्या गॅरेजमधली पोरे ही कामे बंद पत्र्याच्या शेडमध्ये, तोंडाला रुमालसुद्धा न बांधता करतात. मालकांनी यात लक्ष घालावे, असे मी हात जोडून सांगतो.

सरळ झालेला ब्रॅकेट तडकलेला नाही ना, हे बघण्याची जुनी आणि भरवशाची रीत रॉकेलची आहे. मोडावर रॉकेल लावून दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावे, कोरडे पुसावे आणि वरून खडूची भुकटी किंवा चुन्याची पातळ निवळी लावून वाळू द्यावी. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल झिरपते आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. रेघ मोडाच्या अंगाने गेलेली असेल तर तो ब्रॅकेट नमुना म्हणून ठेवावा आणि त्याच जाडीच्या पत्र्यातून नवा करावा. गंजाने पट्टी किती पातळ झाली हे व्हर्निअरने मोजावे. बोल्टच्या वायसरखाली झाकलेली जागा बहुधा मूळ जाडीची असते. मूळ रंगाचा अंशही तिथेच सापडतो.

काही भाग मात्र सरळ करायचेच नाहीत. स्टिअरिंगचे दांडे आणि हात, चाकाशी जोडलेले घडीव भाग, ब्रेकच्या पेडलचा दांडा, पाट्यांच्या साखळ्या. हे वाकलेले दिसले की बदलायचे. तिथे मूळपणाचा आग्रह धरणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे. ओतीव लोखंडाचा किंवा ओतीव ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट वाकत नाही, फुटतो. तो सरळ करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नये.

गंजाविषयी फार लिहीत नाही, त्यावर पुढे एक वेगळे प्रकरण आहे. एवढे सांगतो की धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला ब्रॅकेट आणि धन टोकाला भंगारातला लोखंडी पत्रा लावून गंज काढण्याची रीत ब्रॅकेटसाठी सर्वोत्तम आहे, कारण चांगले लोखंड ती खात नाही. धन टोकाला स्टेनलेस कधीही लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. आणि हायड्रोजन वायू निघतो म्हणून हे काम मोकळ्या हवेतच करावे.

बसवणे हे सरळ करण्याइतकेच महत्त्वाचे, आणि आपल्याकडे त्याची घाई होते. रंग लावण्याच्या आधी प्रत्येक ब्रॅकेट एकदा कोरडा बसवून पाहायलाच हवा. सगळे बोल्ट बोटांनी फिरतील तेवढेच लावायचे. एकही पान्हा लागता कामा नये. एक बोल्ट पूर्ण आवळला आणि दुसरा भोकात जात नाही म्हणून पेचकसाने ओढून घातला, तर ब्रॅकेट बसलेला नसतो, कोंबलेला असतो. तो ताण कुठेतरी साठून राहतो आणि पहिल्या खड्ड्याला बाहेर येतो. भोक जुळत नसेल तर कानस घेऊन ते मोठे करण्याचा मोह होतो. त्या क्षणी थांबून, अजून कोणता बाक शिल्लक आहे ते शोधावे. भोक हे माप आहे, ते वाढवले की माप हरवले. झिजून आधीच लांबट झालेले भोक मात्र मागे तांब्याचा तुकडा धरून वेल्डिंगने भरावे, सपाट घासावे आणि पुन्हा मूळ मापाचे पाडावे.

आटे तपासावेत. फियाटचे आटे मेट्रिक. अँबॅसेडर इंग्लिश वंशाची, तिचे इंची. दोन्ही गाड्या एकाच गॅरेजमध्ये दुरुस्त होत आल्या आणि मिळेल तो बोल्ट ठोकून बसवण्याची सवय लागली. जुन्या फियाटच्या बॉडीतले बरेच खराब आटे त्याची खूण आहेत. नवा टॅप फिरवून आटे साफ केल्याशिवाय बोल्ट लावू नये.

डायनमोचा ब्रॅकेट घ्या. फॅन बेल्टची काळी भुकटी नेहमी एकाच बाजूला पडत असेल, बेल्टची एकच कड झिजत असेल, तर बेल्टला दोष देऊ नका. ब्रॅकेट एखाद-दुसऱ्या अंशाने पिळलेला असतो आणि मागच्या कुणीतरी एका पायाखाली दोन वायसर सरकवून वेळ मारून नेलेली असते. ब्रॅकेट काढून त्याचे दोन्ही पाय काचेवर टेकवून पाहावेत, पीळ काढावा आणि वायसर न घालता बसवावा. इंजिनाकडचे बोल्ट सैल ठेवून डायनमो अडकवावा. क्रँकच्या पुलीच्या आणि डायनमोच्या पुलीच्या खाचा एका रेषेत आहेत का, हे सरळ पट्टी धरून दोन-तीन बाजूंनी पाहावे. मग आधी इंजिनाकडचे बोल्ट, नंतर डायनमोचा खिळ्याचा बोल्ट आणि सर्वांत शेवटी वरची खाचेची पट्टी आवळावी. बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर खाली जावा. क्रम उलटा केला की वरची पट्टी डायनमोला ओढून धरते आणि बेअरिंग अकाली आवाज करू लागते. पट्टीचा दोष बेअरिंगच्या माथी कसा बसतो, त्याचे हे रोजचे उदाहरण आहे.

विजेचाही विचार हवा. हॉर्न, दिवे यांची अर्थिंग बॉडीतून, म्हणजे ब्रॅकेटमधून परत येते. जाड पावडर कोटिंग केलेला सुंदर ब्रॅकेट ती वाट बंद करतो. बोल्टाखालची वायसरएवढी जागा उघडी ठेवून तिथे ग्रीस लावावे. शिवाय पावडर कोटिंगचा थर भोकांत उतरतो आणि कोरडा बसवताना जुळलेला ब्रॅकेट रंगानंतर अडतो. ब्रॅकेटला मला साधा इपॉक्सी प्रायमर आणि वर पातळ रंग हाच योग्य वाटतो.

नंतर जोडलेल्या ब्रॅकेटांचे काय करायचे, हा प्रश्न टॅक्सी राहिलेल्या गाडीत हमखास येतो. बाहेरच्या डाव्या बाजूच्या मीटरचा ब्रॅकेट, टपावरच्या कॅरिअरचे पाय, डिकीतल्या सीएनजी टाकीचे पट्टे. कारखान्याच्या हिशेबात ते मूळ नाहीत. पण टॅक्सी म्हणून आयुष्य काढलेल्या गाडीतून मीटरचा ब्रॅकेट काढून भोके बुजवली, तर एका शहराच्या रोजच्या जगण्याची खूण आपण पुसून टाकतो. माझे मत स्पष्ट आहे. गाडी टॅक्सी म्हणूनच राखायची असेल तर तो ब्रॅकेट सरळ करून जागेवर ठेवावा. खासगी गाडी म्हणून राखायची असेल तरी तो काढून, चिठ्ठी बांधून, गाडीबरोबर ठेवावा. जुन्या मिस्त्रींनी नीट केलेल्या दुरुस्त्यांनाही मी तोच मान देतो. स्वच्छ पितळी जोड घातलेला, आजही घट्ट असलेला ब्रॅकेट केवळ दिसायला नवा हवा म्हणून बदलू नये.

हे पुस्तक वाचायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. व्हाइस, चांगल्या कानशी, गुण्या, व्हर्निअर, खडू आणि पुठ्ठा एवढे असेल तर निम्मी प्रकरणे घरीच पार पडतील. आच आणि वेल्डिंग मात्र कसबी माणसाकडूनच करून घ्यावे. कुर्ला-कालिन्याच्या पार्टबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे हात अजून आहेत. त्यांच्याकडे जाताना ब्रॅकेटबरोबर पुठ्ठ्याचा साचा न्या, कोणता बाक ठेवायचा आणि कोणता काढायचा हे खडूने ब्रॅकेटवरच लिहा, आणि काम चालू असताना शेजारी उभे राहा. त्यांच्याकडून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. जे शिकाल ते लिहून ठेवा, कारण हे ज्ञान अजून तरी बहुतांशी तोंडीच आहे.

आणि एक विनंती. गाडी उघडायला घ्याल त्या दिवशी ब्रॅकेट काढण्याआधी जागेवर असतानाच त्याचे फोटो घ्या. बोल्ट, वायसर आणि ब्रॅकेट एकाच पिशवीत ठेवा आणि पिशवीवर बाजू लिहा. नवा ब्रॅकेट करावाच लागला तर त्यावर न दिसणाऱ्या जागी साल ठोका. आणि जुना, तडकलेला, कुचकामी वाटणारा मूळ ब्रॅकेट गाडी जोडून, रस्त्यावर एक अख्खा पावसाळा चालून झाल्याशिवाय भंगारवाल्याला देऊ नका. त्यानंतरही देऊ नका. ज्याच्याकडे याच वर्षाची गाडी आहे आणि नमुना नाही, त्याला तो मोजायला द्या.